शहरातले पक्षी मोजायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या टेकड्या, तळी, नदीकाठ आणि सोसायट्यांमधून पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना नवी मंडळी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मुंबई, नाशिक, नागपूरकरांनी ठिकाणांची नावं बदलून वाचावं, बाकी सगळं त्यांनाही लागू आहे.

मला पक्षी ओळखता येत नाहीत. तरी येऊ का?

या. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, घार, पोपट, कोकीळ एवढे तुम्हाला आत्ताच येतात, म्हणजे शहरातल्या बऱ्याच सकाळी तुमची निम्मी यादी घरबसल्या तयार आहे. पुढच्या काही आठवड्यांत लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, तांबट, वेडा राघू आणि वंचक यांची भर पडते. मग रोजच्या पक्ष्यांतले बारकावे दिसू लागतात. मानेला राखाडी पट्टा असलेला तो गावकावळा, आणि सगळाच काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी पक्षी दिसला की नवे लोक हमखास ‘काहीतरी दुर्मीळ’ म्हणून धावतात. ती कोकीळेची मादी असते.

दुर्बीण घ्यावीच लागते का? कॅमेरा?

सुरुवातीला दोन्ही नको. वही, पेन, घड्याळ, पाण्याची बाटली आणि मळखाऊ रंगाचे कपडे पुरतात. पुढे दुर्बीण घ्यायचीच झाली तर ८×४२ मापाची घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा-बारापट मोठं दाखवणारी घेण्याचा मोह टाळा, कारण हात जरा हलला की सगळं चित्र थरथरतं आणि शिंपी तोवर तिसऱ्या फांदीवर गेलेला असतो.

कॅमेऱ्याबद्दल स्पष्टच सांगतो. फोटो हा उत्तम पुरावा आहे, पण मोजणीच्या वेळेत तो अडथळाच ठरतो. एका खंड्याच्या मागे वीस मिनिटं लागलेला माणूस बाकीचे पंधरा पक्षी बघत नाही. आधी यादी करा, फोटो नंतर काढा.

कावळे आणि पारवे कशाला लिहायचे? ते तर सगळीकडेच असतात.

हा प्रश्न दर रविवारी निघतो, आणि खरं तर या सगळ्या उद्योगाचं मर्म इथेच आहे.

‘सगळीकडेच असतात’ हे आपल्याला वाटतं, पण कुणी लिहून ठेवलेलं नसतं. गिधाडांचंही असंच वाटत होतं. गेल्या शतकाच्या अखेरीस ती देशभर झपाट्याने संपली, तेव्हा आधी किती होती हे सांगायला नोंदी फार थोड्या होत्या. राजस्थानातल्या केवलादेवसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं मोजणी झाली होती म्हणून घसरण निदान तिथे तरी आकड्यांत दाखवता आली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्यामागे आहे, हे नंतर सिद्ध झालं.

एखादा दुर्मीळ पक्षी एका सकाळी दिसला, चाळीस जण फोटो काढून गेले, तर त्यातून आनंदापलीकडे फारसं काही कळत नाही. पण तुमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी सात ते सव्वासात किती साळुंक्या, किती बुलबुल, किती पारवे दिसले हे पाच वर्षं लिहिलेलं असेल, तर त्यातून गल्लीत काय बदललं ते दिसतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेली ३ कोटींहून अधिक निरीक्षणं त्यासाठी वापरली गेली आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्याचं त्यातून दिसलं. मोर, कोकीळ, पारवा, राखी वटवट्या हे मात्र वाढलेल्यांत आहेत. नीलपंखासारखा, एकेकाळी तारांवर सहज दिसणारा पक्षी चिंताजनक घटलेल्यांत निघाला. हे कळायला आधी कुणीतरी त्याला ‘साधाच तर पक्षी’ न म्हणता लिहिलेलं असावं लागतं.

‘पूर्ण यादी’ म्हणजे नक्की काय?

ठरावीक वेळेत जे जे पक्षी दिसले किंवा ऐकू आले आणि तुम्हाला ओळखता आले, ते सगळे लिहिले तर ती पूर्ण यादी. ओळखता आले नाहीत ते सुटले तरी चालतात. मुद्दाम गाळलेले मात्र चालत नाहीत. कंटाळा आला म्हणून कावळा वगळला की ती यादी अपूर्ण.

यामागचं गणित सोपं आहे. समजा, तळजईवर एका हिवाळ्यात पन्नास पूर्ण याद्या झाल्या आणि त्यांतल्या वीस याद्यांत सुभग हा पक्षी आहे. म्हणजे सुभग ४० टक्के याद्यांत आला. पाच वर्षांनी पन्नासांपैकी आठच याद्यांत आला, तर तो १६ टक्क्यांवर आला. पहिल्या वर्षी पाच माणसं फिरत होती आणि नंतर पन्नास, तरी ही तुलना बऱ्यापैकी टिकते, कारण आपण पक्ष्यांची बेरीज करत नाही, याद्यांमधलं प्रमाण बघतो. यादी पूर्ण असेल तरच ‘नाही दिसला’ या गोष्टीला अर्थ येतो. अपूर्ण यादीत सुभग नसला तर तो नव्हता, की लिहायचा राहिला, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून ‘आज काहीच विशेष नव्हतं, यादी टाकली नाही’ असं करू नका. काही नसलेली सकाळसुद्धा नोंदवा.

नोंद कशात करायची? वही की मोबाइल?

दोन्ही चालतं. शेवटी नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर गेली तर बरं, कारण ती सगळ्यांना उपयोगी पडते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ साली ते सुरू केलं. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा संस्था-गटांचा समूह त्याभोवतीचं काम बघतो. वापरायला पैसे पडत नाहीत आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात. अ‍ॅपमध्ये वेळ आणि चाललेलं अंतर आपोआप धरलं जातं. एका जागी उभं राहून केलेली यादी आणि चालत केलेली यादी वेगळी नोंदवायची असते, तेवढं लक्षात ठेवा. दोन-तीन तासांच्या एका लांबलचक यादीपेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार याद्या केव्हाही चांगल्या. कुठला पक्षी टेकडीवर होता आणि कुठला पायथ्याच्या नाल्यात, हे त्यात कळतं.

दोनशे भोरड्यांचा थवा कसा मोजायचा?

थव्यातले दहा मोजा. तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थव्यात अशा किती जागा बसतात ते बघा. ‘सुमारे १८०’ हा अंदाज ‘खूप’ या शब्दापेक्षा कितीतरी उपयोगी असतो. संध्याकाळी रातथाऱ्यावर येणारे पोपट मोजायचे असतील तर एक जण मोजेल आणि दुसरा लिहील अशी जोडी करा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की बेरीज हमखास चुकते. तोच घारींचा कळप पुन्हा घिरट्या घालून आला तर पुन्हा मोजू नका. एका वेळी आकाशात जास्तीत जास्त किती दिसल्या तो आकडा लिहा.

पक्ष्याचं नाव चुकलं तर? आणि ई-बर्डवरून ‘खात्री आहे का’ असं विचारणारी मेल आली, ती का?

त्या त्या भागात आणि महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी किंवा फार मोठा आकडा आला की तो वेगळा काढला जातो आणि स्थानिक जाणकार स्वयंसेवक तो तपासतात. मेल आली म्हणजे कुणी तुम्हाला खोटं ठरवलं असं नाही. काय दिसलं ते सांगा: आकार, शेपटी, रंग, आवाज, किती वेळ पाहिला. आठवत नसेल तर तसं लिहा आणि नोंद बदला. ज्येष्ठ पक्षीनिरीक्षकांच्याही नोंदी अशा परत येतात.

शंका असेल तिथे नाव ओढूनताणून लावू नका. पानात लपलेला छोटा हिरवट ‘वटवटणारा’ पक्षी ‘अनोळखी वटवट्या’ म्हणूनही नोंदवता येतो.

मर्लिन अ‍ॅप आवाजावरून ओळखतं. मग आम्ही शिकायचं कशाला?

अ‍ॅप सूचना देतं, साक्ष देत नाही. रिक्षाचा हॉर्न, दूरचा लाउडस्पीकर, शेजारच्या बाल्कनीतला पाळीव पक्षी या सगळ्यांच्या गोंगाटात ते चुकतं. त्याने नाव सुचवलं की पक्षी डोळ्यांनी शोधा, सापडला तरच लिहा. तांबटाची तांब्याचं भांडं ठोकल्यासारखी टुक-टुक, टिटवीचं ओरडणं, भारद्वाजाचं खोल ‘हुप हुप’, मे-जूनमधल्या पावश्याचं ‘पेरते व्हा’ हे एकदा कानात बसलं की फोन खिशातच राहतो. ज्यांना दिसायला कमी आहे किंवा अजिबात दिसत नाही, ते तर कानावर यादी करतात. गर्द झाडीत त्यांची यादी आमच्यापेक्षा मोठी होते.

पुण्यात कुठे जायचं?

आधी घराजवळच्या ठिकाणी. वेताळ टेकडी, तळजई, पाषाण तलाव, एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचा परिसर, कल्याणीनगरकडचा डॉ. सालिम अली अभयारण्याचा नदीकाठ, हिवाळ्यात चक्रवाकांसाठी कवडीपाट ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि याद्यांचा ढीगही तिथलाच आहे. नोंदींची खरी वानवा आहे ती पेठांमध्ये, हडपसर-कात्रजच्या नव्या वसाहतींत, औद्योगिक भागांत, वर्दळीच्या चौकांत. सगळे रविवारी पाषाणलाच गेले तर आपल्याला शहराचे नाही, फक्त पाषाणचे पक्षी कळतील.

यावर उपाय म्हणजे शहराचे चौकोन पाडून वाटून घेणं. म्हैसूरमध्ये नागरिकांनी तसं केलं. केरळने २०१५ ते २०२० मध्ये अख्ख्या राज्याचा पक्षी-नकाशा याच पद्धतीने बनवला. हजाराहून अधिक स्वयंसेवक, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा मोजणी: एकदा पावसाळ्यात, एकदा कोरड्या दिवसांत. वाट्याला आलेला चौकोन कंटाळवाणा निघाला तरी तिथे जायचं, यातच त्या पद्धतीची ताकद आहे.

आता थोडं विषयांतर. टेकडीवर झाडं वाढली म्हणजे पक्षी वाढले, असं धरून चालू नका. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ, झुडपी. तिथे गिरिपुष्पाची दाट लागवड झाली की चंडोल, चीरक यांना लागणारी मोकळी जमीन जाते. वृक्षारोपणाचा फोटो छान येतो, चंडोलाची बाजू कोण मांडणार? तळ्यांचंही तसंच. जलपर्णीने पाणी झाकलं की उघड्या पाण्यावर उतरणारी बदकं पाठ फिरवतात, जांभळ्या पाणकोंबडीची मात्र चंगळ होते. नुसता जातींचा आकडा बघितला तर हे कळत नाही. कोण गेलं आणि कोण आलं ते बघावं लागतं.

कोणता हंगाम चांगला?

प्रत्येक. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून चातक येतो. पावसाळ्यात सुगरणींची घरटी विणली जातात. पाऊस ओसरू लागला की धोबी आणि भोरड्या दिसू लागतात, पाठोपाठ शेपटी थरथरवणारा काळा थिरथिरा येतो. मार्चपासून राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला उंबर-वडाची फळं भरवत राहतो. हे सगळं भर शहरात, जुन्या झाडांवर घडतं. लोक डिसेंबर-जानेवारीत गर्दी करतात आणि जून ते सप्टेंबर घरी बसतात, म्हणून पावसाळ्यातल्या याद्या आम्हाला सोन्यासारख्या वाटतात.

चिमण्या खरंच संपल्या का?

नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्याच २०२० च्या अहवालात देशाचा विचार करता चिमणी साधारण स्थिर दिसली, पण मुंबईसह सहा महानगरांतल्या नोंदींत तिची घट दिसली. मोबाइल टॉवरला दोष देणं सोपं आहे, पण तसा ठोस पुरावा नाही. चिमणीला घरट्यासाठी भोकं-खोबणी लागतात आणि पिल्लांना अळ्या-किडे लागतात. काचेच्या इमारती, सिमेंटचं अंगण आणि फवारणी केलेली शोभेची बाग यांत दोन्ही नाही. २०१२ मध्ये ‘सिटिझन स्पॅरो’ या उपक्रमात लोकांना चिमण्या आत्ता कुठे दिसतात आणि पूर्वी कुठे दिसायच्या, हे विचारलं होतं. तुमच्या आजीकडून असंच काही लिहून घेता आलं तर जरूर घ्या. वाडा कुठे होता, वळचणीला घरटी होती का, किती.

दाणे टाकू का? कृत्रिम घरटं लावू का?

पाणी ठेवा, पसरट भांड्यात, आणि रोज बदला. घरटं लावायचं तर सव्वा इंच व्यासाचं भोक ठेवा, म्हणजे पारवा आणि साळुंकी आत शिरत नाहीत. उन्हाची बाजू टाळा. दाण्यांबद्दल आमचं मत जरा कडक आहे. ढीगभर धान्य टाकलं की चिमण्या नाही, पारवे वाढतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना घातक ठरू शकते. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच कारणाने. दाण्यांपेक्षा जागा असेल तर उंबर, पांगारा, करंज लावा.

घरट्याचा फोटो गटात टाकू का?

नको. घरट्याशी गर्दी झाली की पालक पक्षी दूर राहतात आणि कावळ्याला पत्ता लागतो. फोटो स्पष्ट यावा म्हणून फांदी वाकवणारा माणूस आमच्याबरोबर पुन्हा येत नाही. फोनवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणंही बंद. घुबडांची ठिकाणं तर कुणालाच कळवू नका, विशेषतः दिवाळीच्या आधी. अघोरी प्रकारांसाठी घुबडं पकडली जातात.

मुलांना आणता येईल? आमच्या आईला टेकडी चढवत नाही.

दोघांनाही आणा. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा लिहायचं काम द्या. आईसाठी गॅलरी आहे. रोज चहाच्या वेळी पंधरा मिनिटं, त्याच खुर्चीवरून. अशी एकाच जागेची, वर्षभराची यादी टेकडीवर कधीमधी जाणाऱ्या दहा जणांच्या याद्यांपेक्षा अभ्यासाला जास्त कामी येते.

या नोंदींचा शहराला काय उपयोग?

मोठं झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्याने. सूचना लागल्यावर हरकत घेता येते. ‘इथे खूप पक्षी आहेत’ अशी हरकत वाचून कुणी हलत नाही. ‘या वडावर गेली तीन वर्षं मार्च ते जून धनेशाचं घरटं आहे, या तारखांच्या नोंदी जोडल्या आहेत’ असं म्हटलं की निदान उत्तर द्यावं लागतं. नदीकाठच्या कामांचंही तेच. काम सुरू झाल्यावर आधी काय होतं हे शोधायला जाल तर उशीर झालेला असतो. नोंदींनी प्रत्येक वेळी झाड वाचतं असं मात्र नाही.

जखमी पक्षी सापडला तर?

खोक्यात ठेवा, भोकं पाडा, अंधार आणि शांतता द्या. तोंडात पाणी ओतू नका, दूध तर नाहीच. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. मांजात अडकलेला असेल तर दोरा ओढू नका, कापा. जमिनीवर बसलेलं, पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेकदा जखमी नसतं, उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या झुडपात ठेवून बाजूला व्हा. पोपटाचं पिल्लू घरी पाळायचा विचार असेल तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

एकत्र मोजणीचे दिवस कोणते?

फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते. भारत त्यात २०१३ पासून आहे आणि शाळा-कॉलेजांची परिसर-मोजणीही त्याच दिवसांत होते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. २०२० पासून तो शासनातर्फेही साजरा होतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये एकेका दिवसाच्या जागतिक मोजण्या असतात. सप्ताहात भाषणं फार होतात. सकाळी यादी करा, मग भाषणाला जा.

आमच्या भागात असा गट नाही. सुरू कसा करू?

दोन माणसं पुरतात. एक ठरलेला रस्ता, साधारण एक किलोमीटरचा, ठरलेली वेळ, आणि आठवड्याचा ठरलेला वार. सोसायटीच्या अध्यक्षांना आणि वॉचमनदादांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दुर्बीण बघून कुणीतरी खिडक्यांचे पडदे ओढतं आणि पुढचा महिना खुलासे करण्यात जातो. दुसऱ्यांच्या खिडक्यांकडे दुर्बीण रोखायची नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावा. व्हॉट्सअ‍ॅप गट काढलात तर त्यात सुप्रभातचे संदेश बंद ठेवा. पहिल्या दिवशी चौदाच जाती झाल्या तरी यादी तशीच चढवा आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला, त्याच फाटकापाशी या. पाऊस असेल तर जिन्याच्या खिडकीतून करा.